उघडलेल्या काळजाची जबाबदारी

ज्या मुलखात लेकरं हगवणीने आणि हिवतापाने दगावतात, तिथे हृदयशस्त्रक्रियेचे रुग्णालय उभारावे काय? असे कोणी विचारले की आपण चटकन 'नाही' म्हणून मोकळे होतो. एका कृत्रिम झडपेच्या पैशात कितीतरी मच्छरदाण्या येतील, कितीतरी बाळांना लसी टोचता येतील, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे. आम्हालाही तो खोटा वाटत नाही. गरीब देशाची तिजोरी लहान असते आणि एका कामाला लावलेला पैसा दुसऱ्या कुठल्यातरी कामातून काढलेला असतो. पण हिशेब बरोबर आला म्हणजे इन्साफ झाला, असे मानायला आमचे मन तयार होत नाही.

सुदानचे उदाहरण घेऊ. राजधानी खार्टूमजवळ सोबा येथे एप्रिल २००७ मध्ये 'सलाम' हे हृदयशस्त्रक्रिया केंद्र सुरू झाले. ते उभारले 'इमर्जन्सी' या इटलीतील संस्थेने. युद्धात जखमी होणाऱ्यांवर उपचार करण्यासाठी ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. सर्जन जिनो स्त्रादा हे तिचे एक संस्थापक. सलाममध्ये तीन शस्त्रक्रियागृहे आहेत आणि रुग्णाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. शेजारच्या देशांतूनही रुग्ण तिथे येऊ लागले. उपचार हा माणसाचा हक्क आहे आणि गरिबाला मिळणारा उपचार हलक्या प्रतीचा असता कामा नये, असे स्त्रादा आग्रहाने सांगत. १३ ऑगस्ट २०२१ रोजी ते वारले.

तिथे येणाऱ्यांत तरुण मुले-मुली फार. त्यांचा आजार मूळचा गरिबीचा. दाटीवाटीच्या घरात लहान मुलाचा घसा जंतूंनी सुजतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो, तो पुन्हा पुन्हा आला की हृदयाच्या झडपा आखडतात किंवा गळू लागतात. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ हद्दपार झाला आहे. घसा दुखतो तेव्हाच पेनिसिलिन दिले, किंवा एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी सुई टोचत राहिली, तर बहुतेक झडपा वाचू शकतात. म्हणून विरोधक म्हणतात, आधी पेनिसिलिन द्या. अगदी बरोबर आहे. परंतु जिची झडप आजच निकामी झाली आहे, जी दोन पायऱ्या चढली तरी धापा टाकते, त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचे? 'तुझ्या धाकट्या भावाला आम्ही वाचवू, तू मात्र उशिरा भेटलीस' असे?

हृदय-फुप्फुस यंत्र लावून उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ साली झाली. माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवण्याचा पहिला प्रयोग १९६७ साली झाला, तोही आफ्रिकेतच, केपटाऊनला. म्हणजे ही विद्या नवी नाही आणि त्या खंडाला परकीही नाही. ती कोणाच्या वाट्याला यावी, एवढेच काय ते ठरायचे राहिले. मुंबईत वा मिलानमध्ये झडप बदलायची वेळ आली की या पैशात किती मच्छरदाण्या आल्या असत्या, असे कोणी विचारत नाही. तो प्रश्न फक्त गरिबाच्या खाटेशी उभे राहून विचारला जातो. आमची पहिली हरकत आहे ती याला.

पण एवढ्यावर थांबलो तर तेही अर्धवट होईल. खरी कसोटी टाके घातल्यावर सुरू होते. धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होऊन लकवा मारतो, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. तरुण स्त्रीचा पेच आणखी अवघड. ती गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, आणि गोळी टाळावी म्हणून प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली तर ती तरुण वयात लवकर झिजते, मग पुन्हा छाती उघडणे आले. आफ्रिकेतून अनेक रुग्ण हृदयाच्या ऑपरेशनसाठी आपल्याकडे मुंबईला, चेन्नईला येतात. ते बरे होऊन विमानात बसतात. पण त्यांच्या गावात रक्त तपासण्याची सोय नसेल तर? चार दिवसांसाठी परदेशी पथक येते, छाती उघडते, फोटो काढते आणि निघून जाते, तेव्हाही हाच प्रश्न मागे उरतो.

सुदानमध्ये या प्रश्नाने भयंकर रूप घेतले. १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. खार्टूममधली बहुतेक रुग्णालये बंद पडली, लाखो लोक घरदार सोडून पांगले. त्यांत झडप बदललेले रुग्णही होते. ज्याची गोळी संपली, त्याला बंदुकीची गोळी लागली नाही तरी मरण ठरलेलेच. सलामची माणसे त्या धुमश्चक्रीतही जागा सोडून गेली नाहीत. पांगलेल्या रुग्णांना औषध मिळत राहावे यासाठी त्यांना धडपडावे लागले. आमच्या लेखी सगळ्या शस्त्रक्रियांपेक्षा ही धडपड मोठी आहे.

खैरात देणारा मनात आले की हात आखडता घेऊ शकतो. हक्काचे तसे नसते. एकदा दुसऱ्याचे काळीज उघडले की त्याच्याशी आयुष्यभराचा करार होतो. म्हणून असे केंद्र उभारताना इमारतीच्या आधी माणसे घडवावी लागतात: तिथलेच सर्जन, भूल देणारे डॉक्टर, रात्रपाळीच्या परिचारिका, यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, गावोगाव रक्त तपासणारा आरोग्यसेवक. वस्तूही शक्य तितक्या आपल्या हाताने कराव्या लागतात. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत बनलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडप न परवडणाऱ्या देशाने शोधलेला तो मार्ग होता.

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. गरीब देशात हृदयशस्त्रक्रिया जरूर सुरू करावी, आणि त्याच केंद्राने शाळाशाळांतून घसा तपासून पेनिसिलिनही द्यावे. मात्र जो पाच-दहा वर्षांनी पाठ फिरवणार असेल, त्याने सुरी हातात घेऊ नये. त्या मुलीच्या छातीतली झडप रात्रीच्या शांततेत टिकटिकते, शेजारी निजलेल्या आईलाही ती ऐकू येते. ती टिकटिक चालू ठेवणे हे एकट्या आईचे काम नव्हे.