साक्षी आणि उजनी

सोलापुरात वर्तमानपत्र उघडणारा गृहस्थ राशिभविष्याच्या आधी उजनीचा आकडा पाहतो. भीमेवर १९८० साली पुरे झालेल्या या धरणाच्या पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते; त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी दप्तरी मृतसाठा म्हणून नोंदलेले असल्यामुळे, वरचा उपयुक्त साठा सरला की पातळी शून्याखाली उतरते आणि धरण ‘वजा’ झाले, असे दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सारे एकाच चिंतातुर स्वरात म्हणू लागतात. २०२४च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. मीही तो आजवर त्याच स्वरात वाचत आलो. परंतु यंदा, आयुष्यात प्रथमच केवळ पक्षी पाहण्यासाठी उजनीच्या फुगवट्यावर जाण्याचा बेत आखीत असता, मार्गशीर्षातल्या एका सकाळी ध्यानात आले की, आकडा दोन अंशांनी घसरलेला पाहून मला किंचित आनंद झाला आहे.

कारण उघड होते. माहीतगारांकडे चौकशी केली तेव्हा सर्वांचा जबाब एकच पडला: रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचा तर पाणी ओसरू द्या. याच शहरात जन्मलेल्या आणि जून २०२५मध्ये याच शहरात निवर्तलेल्या मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश मांडीवर घेऊन बसलो, तो याच भरात. रोहित लांब पाय उथळ पाण्यात रोवतो, मान खाली सोडतो आणि चोच उलटी धरून गाळातले सूक्ष्म जीव व शेवाळ गाळून खातो. त्याचे हे ताट धरण मागे हटल्याखेरीज वाढले जात नाही. म्हणजे करमाळ्याकडील ऊसवाल्याची मोटार ज्या दिवशी कोरडी पडते आणि पाइपाला पाइप जोडीत त्याला चिखलातून पाण्याचा पाठलाग करावा लागतो, तो दिवस माझ्या दुर्बिणीचा शुभमुहूर्त!

मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. आपण पाहणाऱ्याच्या बाजूचे, असे प्रत्येक वाचक मनोमन ठरवून टाकतो, आणि पक्षिनिरीक्षकाला तर त्या पक्ष्याची वारसाहक्काची सनदच मिळाल्यासारखे वाटते. कारण त्याला ना शिकार हवी, ना पिंजरा, ना एखादे पीस. परंतु उपनिषदातला तो द्रष्टा फांदीवर अमुकच फळ यावे म्हणून ताटकळत नाही, आणि कोणते फळ पाहायचे राहिले याची फर्द तर खचितच ठेवीत नाही. माझ्या वहीत मात्र पक्ष्यांची नावे आधीच लिहून झाली होती, त्यांच्यापुढे खुणेसाठी चौकोन आखून झाले होते. पाहण्याचीच भूक ज्याला लागली तो साक्षी की भोक्ता? मी तर त्याला भोक्ताच म्हणेन. तो घास डोळ्यांनी घेतो, इतकेच.

माझ्या इच्छेने धरणातले ओंजळभरही पाणी घटणार नाही, तेव्हा दोष कसला, असे कोणी म्हणेल, आणि व्यवहारात हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण हातपाय आवरून मनाने विषय घोळवीत बसणाऱ्याला गीतेने मिथ्याचारी ठरविले आहे, आणि तो शब्द मला चहाच्या पेल्यासकट नेमका बसला. घरात त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती, पिंपावर झाकण घालता घालता आईने विचारले, “उजनी किती आहे रे आज?” उत्तर देताना माझी जीभ अडखळली.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदविले ते तहानलेल्या जिवांसाठी. बगळे आणि पाणकावळे तेथे आले ते निमंत्रणावाचून, आणि ते पाणी भरलेले असतानाही येतात. हे आठवल्यावर बेताची सूत्रे बदलणे क्रमप्राप्त झाले. भरल्या पाण्यावर हिवाळ्यात काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेला एक पक्षी थव्याने तरंगत असतो. मराठीत त्याला वारकरी म्हणतात, आणि पंढरीला जाणाऱ्या भीमेच्या पाण्यावर त्याला हे नाव शोभतेही. तिबेटाकडून हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे वागविणारा पट्टकदंबही दिसला तर दिसेल. वहीतले चौकोन मी खोडून टाकले. रोहिताचा चौकोन खोडताना हात जरा जड झाला, हेही नमूद केले पाहिजे.

रविवारी पहाटेच्या एस.टी.ने निघतो आहे. सूर्य पाठीशी राहील अशी जागा काठावर धरायची, मळकट रंगाचा सदरा घालायचा, शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आजच्या अंकात उजनी शंभर टक्क्यांच्या वर आहे. रोहित दिसण्याचा संभव फार कमी.