जिवंतांचाही फर्ज-ए-किफाया

माझ्या हाताखाली शिकून गेलेली एक मुलगी सध्या धुळ्याला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ईदला जळगावी घरी आली की ती मला भेटायला येते. गेल्या खेपेला तिने पिशवीतून एक वही काढली. आमच्या शाळेत मुले वापरतात तसलीच, शंभर पानी. "मॅडम, ही माझी हजेरी," ती म्हणाली. मी वही उघडली. नावांच्या जागी फक्त नंबर होते. त्यांच्यासमोर तारखा, वजनाचे आकडे आणि बऱ्याच ठिकाणी लाल पेनाने एकच शब्द लिहिलेला होता: गैरहाजर.

हकीकत अशी. तिकडच्या एका इस्पितळात आठवड्यातून एक दिवस खास बाळांची तपासणी असते. दिवस भरण्याआधी जन्मलेली, दोन किलोहून कमी वजनाची, जन्मताच न रडलेली, झटके आलेली, कावीळ फार वाढलेली अशी ही बाळे. काचेच्या पेटीत राहून, जगून, ती घरी गेलेली असतात. डॉक्टर त्यांना जोखमीची बाळे म्हणतात. ही मुलगी आपल्या सुट्टीच्या दिवशी तिथे जाते. पगार नाही, भाडेही पदरचे. बाळाचे वजन करायचे, टेपने डोक्याचा घेर मोजायचा, डोळ्यांसमोरून लाल लोकरीचा गोंडा फिरवून नजर फिरते का पाहायचे, कानामागे खुळखुळा वाजवायचा आणि जे आले नाहीत त्यांना फोन लावायचे. "पहिल्यांदा सर्टिफिकेट मिळेल म्हणून गेले," असे तिने मोकळेपणाने सांगितले. मला ते आवडले. नेक कामाची नीयत कधीकधी काम करता करता साफ होते.

मी तिला विचारले, जीव तर वाचला, बाळ घरी गेले, आता हे कशासाठी? तिने मला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली वयाची. दोन महिने आधी जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले की आपण म्हणतो, अजून बसत कसे नाही? ते जन्माला यायला हवे होते त्या तारखेपासून मोजले तर त्याचे वय चारच महिने भरते. डॉक्टर त्याची वाढ या दुसऱ्या वयाने मोजतात, साधारण दोन वर्षांपर्यंत. त्याला त्याच्या तारखेने मोजणे हा त्याच्याशी केलेला इन्साफ आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्याला जगवण्यासाठी दिलेला प्राणवायू बेहिशेब झाला तर त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा सुटतो आणि मूल कायमचे आंधळे होते. १९४२ साली अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद झाली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत पेटीत वाचवलेल्या हजारो मुलांची नजर गेली. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली दिवस भरण्याआधी जन्मले, त्यांचे डोळे असेच गेले. आज यावर इलाज आहे. दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने पाहायचे. फारच लहान बाळाचे त्याहूनही आधी. गरज दिसली तर दोन-तीन दिवसांत लेसर करायचे. नुसते वरून पाहून आईला काही कळत नाही. बाळ दूध पिते, झोपते, रडते. मूल वस्तूंकडे पाहत नाही हे घरच्यांच्या ध्यानात येते तेव्हा इलाजाची वेळ निघून गेलेली असते.

आता आपल्या घरातला हिशेब मांडा. आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवसांचा चिल्ला असतो. चिल्ला नाहल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही, बाळही नाही. डोळे तपासायची मुदत तिसाव्या दिवशी संपते आणि आपला चिल्ला चाळिसाव्या दिवशी. मधल्या दहा दिवसांत एखाद्या मुलाची नजर जाऊ शकते. चिल्ल्याच्या मसल्यांचा संबंध बाळंतिणीच्या नमाज-रोज्याशी आहे. आजारी बाळाला दवाखान्यात नेऊ नये असे त्यात कुठेही नाही. आईला विश्रांती हवीच, ती चांगली चाल आहे. पण बाळाला बाप नेऊ शकतो, आई सोबत बुरख्यात रिक्षाने जाऊ शकते. ही अडचण आपण घातलेली आहे, दीनने घातलेली नाही.

सुरुवातीला ती मुलगी फोनवर आयांना रागावायची. "आपको बच्चे की फिकर नहीं क्या?" पलीकडून उत्तर यायचे, "बच्चा तो अच्छा है बाजी, फिर काहे को आना?" अहिराणी बोलणारी आई तेच आपल्या भाषेत म्हणायची. मग एका रविवारी ती वहीतल्या चार घरी स्वतः गेली. पहिल्या घरी बाप लूमवर बारा तास कामाला, एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. दुसऱ्या घरी मोबाइल एकच, तो बापाच्या खिशात, आईला निरोप पोहोचलाच नव्हता. तिसऱ्या घरी सासूने विचारले, "पुन्हा पेटीत टाकतील तर?" चौथ्या घराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, ऊसतोडीला गेले, बाळाला घेऊनच. त्या दिवसापासून ती फोनवर रागावत नाही.

वहीतला 'गैरहाजर' हा शब्द मला मात्र तेव्हापासून टोचतो आहे. वर्गात मी तो मुलाच्या नावापुढे लिहिते. अठ्ठावीस दिवसांचे बाळ गैरहाजर कसे राहील? त्याला कोणी आणले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग गैरहाजर कोण?

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, फर्ज-ए-किफाया. वस्तीतल्या काही जणांनी केले की सगळ्यांच्या माथ्यावरून उतरते आणि कोणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात, असे काम. हा शब्द निघाला की आपल्याला जनाजाच आठवतो आणि तो फर्ज आपण फार चांगला निभावतो. मस्जिदीतून ऐलान झाले की तासाभरात कब्र खोदणारे, गुस्ल देणारे, खांदा देणारे हजर होतात. मय्यत गरिबाची की श्रीमंताची, कोणी विचारत नाही. पण इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये वैद्यकाचे इल्मही फर्ज-ए-किफायात मोजले आहे, सोबत हिशेबाचे इल्मही. शहरात इलाज जाणणारा कोणीच नसेल तर त्याचा जाब साऱ्या शहराला आहे, हा त्यामागचा विचार. मय्यतीसाठी गल्ली तासाभरात जमते. त्याच गल्लीतल्या जिवंत बाळाला तिसाव्या दिवसाआत डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला कोणी नसते, याचा जाब कोण देणार?

मला वाटते, किफाया या शब्दातच एक धोका आहे. दुसऱ्या कोणी केले असेल, असे प्रत्येकाला वाटत राहते. जनाजा डोळ्यांसमोर असतो, म्हणून तिथे तसे होत नाही. बाळ घरात, कपड्यात गुंडाळलेले असते. डॉक्टरला वाटते आईला सांगितले आहे, आईला वाटते गरज असती तर डॉक्टरांनी सोडले नसते, शेजाऱ्यांना वाटते त्यांच्या घरचा मामला आहे. सगळ्यांचे खरे आणि बाळ घरातच.

काही वाचक म्हणतील, हे सरकारचे काम आहे. आहेच. आशाताईने नवजात बाळाच्या घरी जायचे ठरले ते २०११ सालापासून. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. त्यात एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची भेटही आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मजात दोष आणि वाढीतला उशीर शोधायची सोय आहे आणि या डोळ्यांच्या आजाराचेही नाव आहे. हक्क म्हणून ते मागितलेच पाहिजे. पण घराघरात जाण्याची ही रीत आली कुठून? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांच्या घरी पाठवले. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या बायका मोठ्या शिकलेल्या नव्हत्या. त्या दारात गेल्या, बाळ उघडून पाहिले आणि पुन्हा गेल्या.

दुसरा सवाल जास्त अवघड आहे. तक्दीरमध्ये असेल ते होईल, आधीच कळून काय फायदा, असे कितीतरी आयाबाया म्हणतात. यात भीती आहे आणि भीतीची मी टिंगल करणार नाही. मूल बहिरे आहे हे कोणत्या आईला ऐकवेल? पण सहा महिन्यांच्या आत कळले आणि मशीन लागले तर तेच मूल बोलायला शिकण्याची आशा फार वाढते. न कळण्याने बहिरेपण जात नाही, फक्त वेळ जातो. ज्या आईबापांनी पेटीसमोर पंधरा रात्री जागून काढल्या, त्यांनी तेव्हाही तक्दीर मानलीच होती आणि इलाजही केलाच होता.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे पाठ, पण वजाबाकी मांडता यायची नाही. फळ्यावरचे उतरवताना ओळी चढायच्या. मी त्याला आळशी म्हटले, सगळ्यांसमोर उभे केले, एकदा त्याची वही फेकली. वर्षाच्या शेवटी त्याची आई भेटली. बोलता बोलता म्हणाली, "सातमाही है मॅडम, महिनाभर पेटी में था." मला तेव्हाही काही उमगले नाही. पुढे वाचनात आले की पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत होता, पण सोबतच्या मुलांहून कमी. वाचन, गणित आणि डोळा-हाताचा मेळ यांत अडचणी जास्त होत्या. आईच्या शिक्षणाचाही मुलाच्या बुद्ध्यांकावर असर दिसला. मी बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले, गुण चांगले मिळवले. मूल जन्मले कसे, हे आईला विचारावे असे मला एकदाही सुचले नाही. तो मुलगा आता कुठे आहे मला माहीत नाही. माफी मागायला गेले, तेव्हा घर बदललेले होते.

म्हणून मला वाटते, जीव वाचवणे हे दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या दिवशी पुरे होत नाही. डॉक्टर, नर्स, आशाताई, आईबाप, शेजारी आणि शेवटी आम्ही शिक्षक, यांच्या हातातून ती अमानत पुढे जात राहते. ज्याच्या हातात ती आहे, त्याने आपल्यापुरते तरी गैरहाजर राहू नये.

परवा त्या मुलीचा फोन आला. 'पुन्हा पेटीत टाकतील' म्हणणाऱ्या त्या सासूने आपल्या शेजारणीला नातवासकट एकोणतिसाव्या दिवशी स्वतः आणले. डॉक्टरांनी डोळे पाहिले. अजून पुरे वाढलेले नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणाले. एवढेच. कुलूप लागलेल्या घरापुढची जागा वहीत अजून कोरी आहे. तिने ऊसतोडीच्या मुकादमाचा नंबर मिळवला आहे, लागत नाही. ती रोज लावते.

आपल्या गल्लीत सध्या कोणाच्या घरी पेटीतून आलेले बाळ आहे, हे आज रात्री घरात विचारून पाहा. बायकांना ते नक्की माहीत असते. दिवस मोजा. तीस व्हायच्या आत असतील तर उद्या सकाळी रिक्षाचे भाडे आणि सोबतीला एक माणूस, इतके पुरेल. तीस उलटून गेले असतील तरी जा. कान, वजन, मान धरणे, बसणे, हे सगळे पाहायचे बाकी असते.