कौल आणि कळ

2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, पुढे सुरू होऊन 2018 च्या मार्चात पुन्हा थांबल्या, आणि या दोन आघातांनंतर खाणीवर चालणारा ट्रक विकून जी शिल्लक हाती राहिली तिच्यावर घरबसल्या शेअरबाजार करावा, असे माझ्या पुतण्याच्या मनाने घेतले. त्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, की आहे तोच वेगवान करून घ्यावा, हे विचारण्यास तो गेल्या पावसाळ्यात मये येथील आमच्या जुन्या घरी आला. प्रश्न यंत्राचा होता. परंतु मला तो प्रथमपासून धर्माचा वाटला, कारण जो वेग मागतो तो विलंबाच्या कोणत्या बंधनातून सुटू पाहतो, हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

यंत्रापुरते उत्तर सोपे आहे. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, आठ जीबी रॅमची सोळा करावी, आपोआप चालू होणारे निरुपयोगी प्रोग्राम बंद ठेवावेत, वायफायऐवजी तारेने जोडणी घ्यावी, आणि पावसात वीज जाते म्हणून राउटरही इन्व्हर्टरवर ठेवावा. आम्ही आतला पंखा उघडला तेव्हा त्यावर डिचोलीची तांबडी धूळ थिजून बसलेली आढळली. ती झाडली, डिस्क बदलली, आणि नव्या खरेदीची तजवीज तहकूब झाली.

परंतु काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, येथून मुंबईच्या शेअरबाजारापर्यंतचे चारपाचशे किलोमीटर त्याला दोनतीन सहस्रांश सेकंदांचे आहेत, आणि डोळ्यांनी भाव पाहून बोटाने कळ दाबण्यास मनुष्याला मात्र पाव सेकंद लागतो. ज्यांचे संगणक बाजाराच्या आवारातच भाड्याने ठेवलेले आहेत त्यांच्या लेखी हा पाव सेकंद म्हणजे एक युग होय. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, एकूण तोट्याची रक्कम 1.8 लाख कोटी रुपयांवर गेली, आणि मोठ्या संस्थांनी मिळविलेला नफा जवळजवळ सर्वस्वी संगणकीय आज्ञावलींच्या द्वारे आलेला होता. वेगाची शर्यत घरात बसून जिंकता येत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

मग घरात बसलेल्याजवळ उरते काय? आमच्या गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घातले जाते, उजवी सुटली तर एक अर्थ, डावी सुटली तर दुसरा, आणि पाकळी पडेपर्यंत, मग कितीही वेळ लागो, माणसे हात जोडून उभी असतात. लहानपणी मला वाटे की त्या प्रतीक्षेतच पुण्य आहे. आता तसे वाटत नाही. युधिष्ठिरालाही अवकाश मिळाला होता. पहिल्या द्यूतात हरलेले सर्व धृतराष्ट्राने परत दिले होते, तो इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागला होता, विचाराला संपूर्ण रस्ता मोकळा होता, आणि तरीही दुसरे बोलावणे येताच तो मागे फिरला. विलंब एकट्याने कोणाला तारीत नाही. कौलाचे मर्म मला दुसरीकडे दिसते: तेथे इच्छा मनात ठेवून चालत नाही, ती चार माणसांदेखत शब्दांत मांडावी लागते, आणि जी इच्छा उच्चारताना जीभ अडखळते तिचा निवाडा पाकळी पडण्यापूर्वीच झालेला असतो. वासना मुकी असते तोवरच बलवान असते. स्क्रीनवरील कळ हे गाऱ्हाणे मागत नाही, आणि माझ्या मते तिचा खरा धोका तिच्या वेगापेक्षा या मौनात अधिक आहे.

म्हणून मी पुतण्याला अट घातली. वायद्यांना हात लावायचा नाही. आणि जो शेअर घ्यायचा तो कोणता, किती, कशासाठी, आणि कोणत्या भावाला सोडायचा, हे बाजार उघडण्यापूर्वी वहीत लिहून आईला वाचून दाखवायचे. वहिनींना शेअर म्हणजे काय ते ठाऊक नाही; परंतु ट्रकचे हप्ते, पतपेढीचे तगादे आणि विकल्या गेलेल्या बांगड्या यांचा जमाखर्च त्यांना तोंडपाठ आहे.

गेल्या आठवड्यात मी पहाटेच त्याच्याकडे गेलो होतो. लॅपटॉप आता झटकन उघडतो. पावणेनऊ वाजता तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला, चुलीपाशी उभा राहून त्याने दोन ओळी वाचल्या, आणि तिसऱ्या ओळीवर थांबला. वहिनी काही बोलल्या नाहीत, नारळ खवत राहिल्या. त्याने पेन काढून ती ओळ खोडली आणि उरलेले वाचून दाखविले.