ओल्या सरपणाचे वजन

दौलताबादच्या परिसरात बाभळीचे सरपण वाळवायला भट्टी लागत नाही. वैशाखाचे ऊनच ते काम करते. प्रश्न उरतो तो धीराचा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी असते. असे लाकूड वखारीत किलोवर विकले, तर काटा अचूक असूनही व्यवहार खरा ठरतो का?

गिऱ्हाईक सरपणाच्या भावाने पाणी विकत घेते. घरी चूल आधी ते पाणी आटवते, मग भाकरी भाजते. धूर मात्र चुलीपुढच्या माउलीच्या छातीत साठतो.

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून घरगुती जळणाच्या किरकोळ विक्रीत २० टक्क्यांहून अधिक ओलाव्याला कायद्याने मनाई आहे. वखारवाल्याचीही बाजू आहे: लाकूड महिनोन्‌महिने वाळवायचे, तर भांडवल अडकते आणि वजन घटते. म्हणून वाळलेल्याचा भाव त्याने खुशाल अधिक घ्यावा. ओले ते ओले म्हणून स्वस्त द्यावे.

नीतिसूत्रांच्या पुस्तकाने खोट्या तराजूचा निषेध केला आहे. आपण तराजूची दांडी तेवढी तपासतो. परंतु दुसऱ्याच्या अजाणतेपणावर मौन राखून मिळवलेला नफा हेदेखील खोटे मापच होय. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो. ते कोणाच्या पैशाने जळते, हेही विचारले पाहिजे.