परक्याच्या हाताचा ठसा

मोशेच्या शास्त्रात परक्यावर दया करण्यास सांगितले आहे, आणि इस्राएलाचे मिसरातील दिवस हे त्याचे कारण दिले आहे. ज्याने परकेपण भोगले, त्यास परक्याचे मन कळावे.

आपल्या देशबांधवांनीही ते भोगले आहे. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रांतात 1907 साली असा कायदा झाला की, हिंदी व चिनी लोकांनी कचेरीत नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावे आणि शिपाई मागेल तेव्हा दाखला दाखवावा. प्रामाणिक व्यापाऱ्यास व फेरीवाल्यास गुन्हेगाराप्रमाणे वागविले जाते, हे शल्य त्यांस लागले व त्यांनी प्रतिकार केला. 1908 च्या जानेवारीत तडजोड होऊन, लोकांनी आपखुषीने नोंद करावी असे ठरले. 10 फेब्रुवारीस गांधीजी नोंदणीस जात असता, ह्या तडजोडीने रागावलेल्या काही हिंदी लोकांनीच त्यांस मारून बेशुद्ध पाडले. तेव्हा जोसेफ डोक नावाच्या गोऱ्या बाप्तिस्त पाळकाने, धर्म किंवा वर्ण न पाहता, त्यांस आपल्या घरी नेऊन त्यांची शुश्रूषा केली. त्याच घरी जखमी गांधीजींनी शब्दाप्रमाणे ठसे दिले. ते घेणाऱ्या अधिकाऱ्याचे डोळे पाणावले, असे गांधीजींनी लिहून ठेविले आहे. पुढे कायदा रद्द होत नाही असे पाहून 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्ग येथे लोकांनी ते दाखले जाळले.

माळेगाव बुद्रुकच्या मंडळीने हे मनी धरावे. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे बीडकडील ऊसतोड कुटुंबे येऊन कोप्यांत राहतात. ती परदेशी नव्हेत, तरी दुकानाच्या व कचेरीच्या दारी परकीच ठरतात. कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्र ओळखीत नाही, आणि पिशवी रिकामी परत जाते. केवळ ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने 2017 साली राज्यांस कळविले आहे; त्यांच्या गावचे रेशनकार्ड येथेही चालते. पण हे त्या माउलीस कोण सांगणार? ज्यास वाचता येते, त्या उपदेशकाने तिजबरोबर दुकानापर्यंत जावे, अर्ज लिहून द्यावा, आणि दुकानदाराशी भांडण न करता नम्रपणे नियम दाखवावा. तोही माणूसच आहे.

सरकार आपल्या बोटांचा ठसा मागते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात ह्याच्या उलट आहे. तेथे खूण देवाच्या तळहातावर आहे, आणि ती त्याच्या लोकांची आहे. ज्यांची ओळख अशा हाती आहे, त्यांनी परक्याचा हात धरण्यास मागे राहू नये. प्रभु आपणांस तशी बुद्धी देवो.