‘चालेल’ म्हणण्याचा अधिकार

यंत्र उघडणे सोपे, ते पुन्हा जोडणे अवघड. जोडताना हातांबरोबर माणसाची सदसद्विवेकबुद्धीही कामाला लागते, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. तो आखातातील एका वर्कशॉपमध्ये मोटरबोटी दुरुस्त करतो. मागे सुट्टीवर आला असताना त्याने एक प्रसंग सांगितला आणि शेवटी मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने माझीच झोप उडवली.

आधी यंत्राविषयी थोडे सांगायला हवे. ‘स्टर्न ड्राइव्ह’ प्रकारच्या बोटीत इंजिन आतल्या बाजूस, मागच्या फळीला लागून असते. गती मात्र फळीबाहेर टांगलेल्या एका धातूच्या पायातून पंख्यापर्यंत पोहोचते. अमेरिकी अभियंता जिम विन यांच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ही रचना लोकांपुढे आणली. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, तसाच वरखालीही होतो. उथळ पाण्यात किंवा बोट ट्रेलरवर चढवताना तो उचलावा लागतो. पुष्कळ बोटींत हे काम दोन हायड्रॉलिक सिलिंडर करतात. विजेवर चालणारा पंप तेलावर दाब देतो, तेल पिस्टनला ढकलते आणि पाय वर येतो. बोट मागे घेताना पंख्याचा जोर पायाला वर उचलू पाहतो; तेव्हा सिलिंडरमध्ये कोंडलेले तेलच त्याला खाली धरून ठेवते. आणि तेलाला कोंडून ठेवते ती पिस्टनभोवतीची रबराची कडी. साऱ्या यंत्रात तिची किंमत नगण्य.

भाच्याने असाच एक सिलिंडर उघडला, स्वच्छ केला, नव्या कड्या बसवल्या. पिस्टन आत सारताना सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या आट्यांची धार लागून एका कडीला बारीकशी चीर पडली. दुसरी कडी शिल्लक नव्हती. मागवली तर दोन दिवस लागणार. मालक दुसऱ्या सकाळी बोट न्यायला येणार होता. भाच्याने कडी फोरमनला दाखवली. फोरमनने तीच बसवायला लावली आणि बटण दाबले. पाय वर गेला, थांबला, खाली आला. “चलेगा,” फोरमन म्हणाला. आपण मराठीत म्हणतो, ‘चालेल’.

“मामा, तुम्हीच सांगा,” भाचा मला म्हणाला, “मी दोष लपवला नाही. निर्णय वरच्याने घेतला. मग माझ्याकडे काय उरले?”

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. घराचे कर्ज डोक्यावर आणि नोकरी फोरमनच्या मर्जीवर, अशा माणसाला ओटीवर बसून धैर्याचे धडे देणे फार स्वस्त असते. आज्ञापालन हाही कामगाराचा धर्मच आहे. शिवाय चाचणी तर यशस्वी झाली होती! पण ती चाचणी झाली बोट जमिनीवर उभी असताना. पंख्याचा जोर, लाटेचा धक्का यांविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

माझ्या मते खरी मेख निराळीच आहे. कडीला चीर पडली यात पाप नाही, तो अपघात. चिरलेली कडी बसवणे हेही प्रत्येक वेळी पाप ठरणार नाही. मालकाला सांगितले असते आणि तो म्हणाला असता, “दोन दिवस मी किनाऱ्याजवळच फिरेन, चालेल,” तर त्याच कडीत अप्रामाणिकपणा राहिला नसता. ‘चालेल’ म्हणण्याचा अधिकार धोका सोसणाऱ्याचा आहे. इथे धोका मालकाचा आणि ‘चालेल’ मात्र फोरमनचे होते. ज्याला विचारलेच नाही, त्याच्या जिवावर दोघे उदार झाले होते. जाणणारे दोघे असले म्हणून जबाबदारी निम्मी होत नाही.

भाच्याने तेव्हा वाद घातला नाही. त्याने एवढेच म्हटले, “मग बिलावर तसे लिहू या, की कडीला चीर आहे.” फोरमन बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उघड परत.” जे बिलावर लिहिता येत नाही ते यंत्रात बसवता येत नाही, हे त्यालाही उमगले असावे. बोट दोन दिवस रखडली, मालक संतापला, भाच्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. पुढे काहीच घडले नाही. त्यामुळे त्याचे बरोबर होते हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. प्रामाणिक कामाचे फळ बहुधा असेच, न घडलेल्या गोष्टींत दडलेले असते.

मी तीस वर्षे शिक्षक होतो. अपूर्णांक न समजलेल्या कितीतरी मुलांना मी ‘चालेल’ म्हणून वरच्या वर्गात पाठवले. दया म्हणून पाठवले, असे मी स्वतःला सांगत आलो. पण त्यांच्या आईवडिलांना बोलावून “याचे इथे कच्चे राहिले आहे” असे मी किती वेळा सांगितले? धोका त्या मुलांचा होता. भाचा सुट्टी संपवून परत गेला. त्याचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला आहे.