दावण एक, गव्हाणी दोन

भूतदयेवर निरूपण झाले की माणदेशात आम्हांस हटकून एक प्रश्न येतो. म्हसवड, आटपाडी, खरसुंडी या भागात खिलार बैलांचे वेड फार. बाजारातून उमदा खोंड आणावा, घरच्या बैलाशेजारी बांधावा, आणि पहिल्याच रात्री शिंगाला शिंग भिडावे! खिलाराची शिंगे लांब नि अणकुचीदार. पोट फाटायला वेळ लागत नाही. मग मालक विचारतो, "बुवा, या दोघांत प्रेम कसं लावावं?"

प्रश्न भावाचा आहे खरा, पण आम्हांस वाटते तो उलट्या बाजूने धरलेला आहे.

पाणिनीच्या व्याकरणात एक नियम आहे. ज्या प्राण्यांचे वैर शाश्वत, त्यांच्या नावांचा द्वंद्वसमास एकवचनी होतो. साप आणि मुंगूस, म्हणून 'अहिनकुलम्'. पाठशाळेत घोकताना गंमत वाटे, की जन्माचे वैरी आणि वचन मात्र एक! पण येथे पाहावयाचा तो 'शाश्वत' हा शब्द. दोन बैलांचे वैर शाश्वत नव्हे, नैमित्तिक आहे. निमित्त कोणते? गव्हाण एक, हौदाची वाट अरुंद, आणि हरणाऱ्याला मागे सरायला जागा नाही. बैल हा कळपातला जीव; थोर कोण नि धाकटा कोण, हे त्यांना ठरवावे लागते. एकदा ठरले की पुढे नुसती मान हलवून भागते. पण धाकट्याला बाजूला होता आले पाहिजे ना? दावे आखूड बांधून ती सोय आपणच काढून घेतो, आणि वर म्हणतो, जनावर मारकुटे आहे!

तेव्हा प्रेम लावण्याच्या भानगडीत पडू नये, निमित्त काढावे. दोघे एकमेकांस दिसतील, पण शिंग पोचणार नाही, एवढ्या अंतरावर खुंटे ठोकावेत. मध्ये आडवे लाकूड असावे. गव्हाणी दोन, पाणी वेगळे, आणि वैरण दोघांपुढे एकाच वेळी पडावी. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती. कितीतरी घरांची अनोळखी जनावरे तेथे शेजारी राहिली, ती आपापल्या खुंट्याला.

अगदी दूर मात्र नेऊ नये. सांगलीसारख्या शहरांत हल्ली मुले गिनीपिग पाळतात. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, कळपात राहणारा हा जीव. दोन नर एका पिंजऱ्यात चावाचावी करतात, आणि एकटा ठेवला तर झुरतो. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत तो एकटा पाळण्यास मनाईच केली. उपाय तोच: मध्ये जाळी, दोन्हीकडे लपायला घरकुल, खाणे-पाणी वेगळे, वास यावा, आवाज यावा, दात लागू नये.

येथे कोणी पूर्वपक्ष करील, की मध्ये लाकूड घालणे म्हणजे भेदच झाला. संतांनी तर अभेद सांगितला. हा आक्षेप गोठ्यापुरता राहत नाही. धाकट्याची चूल वेगळी झाली की गाव म्हणते घर फुटले, आणि थोरल्याच्या घरात रोज भांडण पेटले तरी त्याला एकोपा म्हणते! आम्हांस हे पटत नाही. आई दोन्ही चुलींवर हक्काने जेवत असेल, विहिरीची पाळी ठरल्याप्रमाणे येत असेल, तर भिंत पडली म्हणून अभेद कोठे मोडला? साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवली. त्या सोहळ्यात रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, हे क्रमांकाने ठरलेले असते. जागा ठरलेली, म्हणून धक्काबुक्की नाही.

महिना-दोन महिन्यांत बहुतेक जनावरे निवळतात. मग आधी नुसती बरोबर चालवावीत, जू मागाहून. काही जोड्या मात्र जमतच नाहीत. त्यांना शेजारी राहू द्यावे, जुवाला दुसरा सोबती पाहावा. आणि खोंड विकायचाच झाला, तर गिऱ्हाइकाला ही खोड आधी सांगावी, मग किंमत बोलावी.